एका खुर्चीला पाच माणसं: अमेरिकेतलं काउंटी जेल कसं चालतं

कंट्रोल रूममधल्या खुर्चीचं रेक्झिन दोन्ही हातांवर फाटलं होतं आणि फाटलेल्या जागी कुणीतरी चंदेरी चिकटपट्टी गुंडाळली होती. "ही तिसरी खुर्ची," आम्हाला फिरवणारी सार्जंट म्हणाली. "पण जेल उघडल्यापासून या जागेवरची खुर्ची कधी गार पडलेली नाही."

खुर्चीतल्या मुलाने आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही. समोर कॅमेऱ्यांचे पडदे, हाताशी दारांची बटणं. आतलं दार हवं असेल तर दारापाशी उभं राहून बझर दाबायचा, कॅमेऱ्याकडे बघायचं, मग हा मुलगा चेहरा पाहून दार सोडणार. मागचं लागल्याशिवाय पुढचं उघडत नाही. त्याला लघवीला जायचं असेल तर आधी दुसरं कुणीतरी येऊन उभं राहतं, मग तो उठतो.

"या एका खुर्चीसाठी किती माणसं नोकरीला ठेवावी लागत असतील?" सार्जंटने विचारलं. आमच्यातल्या बहुतेकांनी तीन सांगितलं. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, गिरणीचं गणित. मीही मनात तीनच धरले होते.

उत्तर पाच आहे. वर्षाचे तास ८,७६०. आठवड्याला चाळीस तास काम करणारा माणूस कागदावर वर्षाला २,०८० तास भरतो. त्यातून रजा, आजारपण, सणाच्या सुट्ट्या, कोर्टात साक्ष आणि दरवर्षीचं सक्तीचं प्रशिक्षण वजा करा, हाती साधारण साडेसतराशे उरतात. ८,७६० भागिले १,७५०, म्हणजे पाच. चोवीस तास भरलेली ठेवायची प्रत्येक जागा पाच पगार खाते. जेलमध्ये अशा वीस जागा असतील तर हजेरीपटावर शंभर माणसं हवीत, आणि त्यात अजून स्वयंपाकी, नर्स, कारकून, प्लंबर कुणीच धरलेले नाहीत.

अमेरिकेतल्या जेलबद्दल आपण भिंती, गज आणि नारिंगी कपडे एवढंच पाहिलेलं असतं. पण आतल्या माणसाला व्यायामाला सोडतात की नाही, दवाखान्यात वेळेवर नेतात की नाही, रात्री त्याच्या कोठडीत कुणी डोकावतं की नाही, हे त्या दिवशी किती खुर्च्या भरल्या आहेत त्यावर ठरतं. त्या संध्याकाळी मला कळलेली मुख्य गोष्ट हीच.

मी टेक्सासमधल्या एका मध्यम आकाराच्या काउंटीत राहते. इथल्या शेरीफच्या ऑफिसात नागरिकांसाठी काही आठवड्यांचा संध्याकाळचा वर्ग भरतो. हौशी निवृत्त लोक, दोन-चार विद्यार्थी आणि माझ्यासारखे रिकामटेकडे त्यात असतात. त्यातली एक संध्याकाळ जेलची. फोनवर आईला सांगितलं तर आधी म्हणाली, "तुला कशाला जायचंय तुरुंगात?" आणि मग, "शेरीफ म्हणजे आपला नगरपालच ना गं?"

नाव तेच. पण मुंबईचा शेरीफ, म्हणजे नगरपाल, हे वर्षभराचं मानाचं पद. स्वागताला उभं राहायचं, समारंभात दिसायचं. अमेरिकेतला शेरीफ मात्र निवडणूक लढवून येतो, बहुतेक ठिकाणी दर चार वर्षांनी मतं मागतो, रस्त्यारस्त्यावर त्याच्या नावाच्या पाट्या लागतात. गावांच्या हद्दीबाहेरच्या भागात पोलिसांचं काम त्याचे डेप्युटी करतात, आणि काउंटीचं जेल चालवण्याची कायदेशीर जबाबदारीही त्याचीच. आपल्याकडे साताऱ्याचा पोलीसप्रमुख निवडणुकीला उभा राहिलाय, जिंकून आलाय आणि जेलच्या किल्ल्याही त्याच्याच कमरेला आहेत, अशी कल्पना करून बघा. महाराष्ट्रात पोलीस वेगळे आणि कारागृह खातं वेगळं. येरवड्यापासून जिल्हा कारागृहांपर्यंत सगळं एका राज्य खात्याखाली, पुण्यातून चालतं. अधीक्षक बदलीवर येतो, बदलीवर जातो.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, पण आकाराला काही धरबंध नाही. एकट्या टेक्सासात २५४ काउंट्या आहेत. २०२०च्या जनगणनेत त्यातल्या लव्हिंग काउंटीची लोकसंख्या ६४ भरली, आणि ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीची सत्तेचाळीस लाखांवर. शेरीफ दोन्हीकडे एकेकच. त्यामुळे "अमेरिकेत जेल असं चालतं" असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर लगेच विश्वास ठेवू नका. केंटकीत जेलर हे पदच वेगळं निवडून येतं. न्यूयॉर्कमधलं रायकर्स आयलंड हे मोठं जेल त्या शहराचंच खातं चालवतं, शेरीफचा तिथे संबंध नाही. कनेक्टिकट, डेलावेअर, ऱ्होड आयलंड, व्हरमॉन्ट, हवाई या राज्यांनी आणि बऱ्याच अंशी अलास्कानेही काउंटीकडे काही ठेवलेलंच नाही, सगळं राज्याच्या ताब्यात. मी पुढे सांगते ते मुख्यतः टेक्सासचं, कारण तेच जवळून पाहिलं.

कच्चे आणि पक्के

इंग्रजीत जेल आणि प्रिझन हे दोन शब्द आहेत. आपण दोन्हींना तुरुंग म्हणून मोकळे होतो. पण आपल्याकडचे कच्चा कैदी आणि पक्का कैदी हे शब्द घेतले की फरक लगेच समजतो. प्रिझन पक्क्यांसाठी: शिक्षा झालेले, वर्षाहून जास्त काळ राहणारे, राज्याच्या किंवा केंद्राच्या ताब्यातले. काउंटी जेल मुख्यतः कच्च्यांसाठी: काल रात्री पकडलेला, जामिनाची वाट पाहणारा, खटला उभा राहायचा असलेला. शिवाय किरकोळ गुन्ह्यात वर्षापर्यंतची शिक्षा झालेले, प्रोबेशनच्या अटी मोडलेले आणि राज्याच्या तुरुंगात जागा होईपर्यंत थांबवलेले. देशभरात काउंटी जेलमधल्या दर दहांपैकी सातजणांवर गुन्हा अजून सिद्ध झालेला नसतो. अमेरिकेला नावं ठेवण्याआधी एवढं लक्षात असू द्या की २०२२ अखेर भारतातल्या तुरुंगांत कच्च्या कैद्यांचं प्रमाण ७५.८ टक्के होतं.

जेल आणि प्रिझनमधला खरा फरक वेगाचा आहे. २०२३च्या जूनअखेर अमेरिकेच्या स्थानिक जेलांत एका दिवशी साधारण ६ लाख ६४ हजार माणसं होती, पण त्याआधीच्या वर्षभरात आत घेतलेल्यांच्या नोंदी ७० लाखांच्या वर होत्या. म्हणजे एक पलंग वर्षात दहा-अकरा जणांखालून जातो. सरासरी मुक्काम महिनाभराचा, पण ही सरासरी फसवी आहे. कित्येकजण दोन-तीन दिवसांत जामिनावर सुटतात आणि काहीजण खुनाच्या खटल्यात दोन-दोन वर्षं पडून असतात. तुरुंगापेक्षा सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग डोळ्यांसमोर आणा: रात्री-अपरात्री दार उघडतं, कोण येईल सांगता येत नाही, आणि आलेल्याला "जागा नाही" म्हणता येत नाही.

दारातून आत

जेलचा खरा कस बुकिंगमध्ये, म्हणजे पकडून आणलेल्याची नोंद करून त्याला आत घेताना लागतो. गाडी एका बंद गॅरेजात शिरते, मागचं शटर खाली येतं, मग पुढचं दार उघडतं. पोलीस आपली पिस्तुलं भिंतीतल्या छोट्या कपाटांत कुलूपबंद करून आत येतो. जेलच्या आत कुणाकडेच बंदूक नसते. कारण साधं आहे: पन्नास कैद्यांत एक माणूस असेल तर त्याची बंदूक ही त्या पन्नासांची बंदूक.

आम्ही उभे होतो तेव्हा एक तरुण आणला. दारूचा वास येत होता. बेल्ट काढ, बुटांच्या नाड्या काढ, खिसे उलटे कर. पाकीट, किल्ल्या, फोन, सुटे एकोणीस डॉलर, सगळं त्याच्यासमोर मोजून प्लास्टिकच्या पिशवीत सील झालं. सही घेतली. यंत्राच्या काचेवर बोटांचे ठसे, मग फोटो. ठसे तिथून राज्याच्या आणि केंद्राच्या यंत्रणेकडे जातात. दुसऱ्या राज्यातलं जुनं वॉरंट किंवा इमिग्रेशनची भानगड असली तर ती इथेच उघडी पडते. भारतीय मुलं एच-वन व्हिसावर असताना दारू पिऊन गाडी चालवण्याला "फक्त दंड भरायचा" समजतात. ठसे उमटले की तो फक्त दंड राहत नाही.

मग नर्स. मला त्या संध्याकाळचं सगळ्यात महत्त्वाचं टेबल हे वाटलं, आणि ते सगळ्यात लहान होतं. शेवटची दारू कधी घेतली, किती घेतली? इन्शुलिन घेता का? छातीत दुखतंय? आधी कधी जीव द्यावासा वाटला होता का? आत्ता वाटतोय का? प्रश्न सरळ, एका सुरात विचारलेले. दारू किंवा अफूजन्य औषधं अचानक तुटली की माणूस दोन-तीन दिवसांत दगावूही शकतो, आणि अटक झालेल्या माणसासाठी जीव देण्याच्या दृष्टीने पहिले दिवस सगळ्यात वाईट असतात. २०१९ मध्ये देशभरातल्या स्थानिक जेलांत साधारण १,२०० मृत्यू झाले. त्यातले सुमारे ३० टक्के आत्महत्येचे.

नर्सनंतर वर्गवारी. याला सगळे क्लासिफिकेशनच म्हणतात. गुन्हा काय, आधीचा इतिहास काय, टोळीचा आहे का, प्रकृती कशी, आत कुणाशी वैर आहे का, हे पाहून माणूस कुठल्या भागात ठेवायचा ते ठरतं. बायका वेगळ्या, अल्पवयीन मुलं प्रौढांच्या नजरेआड आणि कानाआड. एकाच भांडणातले दोघे आरोपी एका पॉडमध्ये, म्हणजे कोठड्यांच्या एका गटात, ठेवता येत नाहीत, आणि एकाच्या खटल्यात दुसरा साक्षीदार असेल तर मुळीच नाही. पाहुण्यांना लग्नात खोल्या वाटून देणाऱ्या काकूंना हे काम बरोबर समजेल. इथे चूक झाली तर रुसवा होत नाही, टाके पडतात.

टेक्सासात अटकेपासून ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. तो आरोप सांगतो, हक्क सांगतो, जामिनाची रक्कम ठरवतो. रक्कम पाच हजार डॉलर असेल आणि एवढे रोख नसतील तर जामीनदलालाला साधारण दहा टक्के, म्हणजे पाचशे, द्यायचे. तो हमी भरतो, पाचशे त्याचे झाले. म्हणून कुठल्याही काउंटी जेलसमोर रस्त्यापलीकडे लाल-निळ्या दिव्यांची "बेल बॉन्ड" दुकानं दिसतात, आपल्या कोर्टाबाहेर टायपिस्ट बसतात तशी. इलिनॉयने सप्टेंबर २०२३ पासून पैशांचा जामीन पूर्ण बंद केला. टेक्सासात तो जोरात आहे. कैद्यांची संख्या शेरीफच्या हातात नसते, ती अशी मॅजिस्ट्रेटच्या टेबलावर आणि सरकारी वकिलाच्या फायलींवर ठरते. कर्मचारी मात्र शेरीफलाच पुरवायचे असतात.

आत कोण काय करतं

वर शेरीफ, पण तो जेलमध्ये क्वचित दिसतो. रोजचा कारभार जेल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर बघतो, बहुधा कॅप्टन हुद्द्याचा. त्याच्या हाताखाली पाळीचे लेफ्टनंट, मग सार्जंट, मग डिटेन्शन ऑफिसर. या शेवटच्या पायरीवर जवळपास सगळं काम चालतं. टेक्सासात या नोकरीला वयाची १८ वर्षं पूर्ण आणि हायस्कूलचं प्रमाणपत्र पुरतं. जेलरचा परवाना वेगळा मिळतो. रस्त्यावरच्या पोलिसाचा वेगळा. बरेचजण पोलिसात जाण्याची पायरी म्हणून इथे येतात आणि वर्षा-दोन वर्षांत जातात. एकोणीस वर्षांचा पोरगा, समोर चाळीस बापे, त्यातले काही त्याच्या बापाच्या वयाचे. तिथे आवाज चढवणारा टिकत नाही, असं सार्जंट म्हणाली. टिकतो तो नाव लक्षात ठेवणारा.

पाळी सहसा बारा तासांची: सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, किंवा उलट. दोन दिवस काम, दोन सुट्टी, तीन काम, मग हाच क्रम उलटा, म्हणजे दर दुसऱ्या आठवड्याला शनिवार-रविवार घरी मिळतात. चार तुकड्यांत माणसं वाटलेली असतात. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात कुणीतरी आजारी पडतं, कुणी नोकरी सोडतं, आणि बाराचे सोळा तास होतात. नको म्हणायची सोय नसते, कारण खुर्ची गार पडता कामा नये.

टेक्सासात १९७५ साली जेलचे किमान नियम ठरवणारा आयोग स्थापन झाला. त्याचा सगळ्यांच्या तोंडी असलेला नियम: दर ४८ कैद्यांमागे एक अधिकारी. दुसरा: निदान दर ६० मिनिटांनी प्रत्येक कैद्याला समोरासमोर बघायचं, जीव देण्याची भीती असलेले, मानसिक आजारी किंवा मारामारी करणारे असतील तर दर ३० मिनिटांनी. समोरासमोर म्हणजे छाती वर-खाली होते आहे हे दिसलं पाहिजे. पांघरुणाचा ढीग पाहून पुढे जायचं नाही.

या नियमाची किंमत २०१५ साली सगळ्या देशाला कळली. वॉलर काउंटीत सँड्रा ब्लँड या तरुणीला रस्त्यावर गाडी अडवण्यावरून झालेल्या वादात अटक झाली. जामीन पाच हजारांचा, म्हणजे सुटायला पाचशेच्या आसपास हवे होते. तीन दिवसांनी ती कोठडीत गळफास घेतलेल्या अवस्थेत सापडली. आधी जीव देण्याचा प्रयत्न केला होता हे तिने जेलमध्ये आत घेताना सांगितलं होतं. आयोगाच्या तपासणीत दिसलं की तासाभराने समोर जाऊन पाहण्याचा नियम पाळलेला नव्हता. २०१७ मध्ये तिच्या नावाने कायदा झाला. आता कोठड्यांच्या भिंतीवर रुपयाएवढी धातूची टिकली असते आणि अधिकारी फेरीत तिथे हातातलं यंत्र टेकवतो; वेळ आपोआप नोंदली जाते. पूर्वी वहीत सही व्हायची, आणि वहीतल्या सह्या कशा होतात हे सरकारी नोकरी केलेल्या कुणालाही सांगायला नको.

अर्थात टिकलीवर यंत्र टेकवायलाही माणूस लागतो. एका कैद्याला मध्यरात्री अपेंडिक्सचं दुखणं उठलं असं धरा. रुग्णालयात त्याच्या पलंगापाशी दोन अधिकारी चोवीस तास बसवावे लागतात. तीन दिवस मुक्काम झाला तर बारा-बारा तासांच्या बारा पाळ्या गेल्या, एका माणसापायी. या बारा पाळ्यांची माणसं कुठून काढली? आधी मैदानावरून. टेक्सासचा नियम आठवड्यातून तीन दिवस एकेक तास व्यायाम द्या म्हणतो, तो तास पहिला गळतो. मग भेटी, मग वाचनालय, मग वर्ग. त्यानंतर माणसं कोठडीत कोंडलेली राहतात, कोंडलेली माणसं भांडतात, आणि भांडणात कुणाचं डोकं फुटलं की पुन्हा रुग्णालय आणि पुन्हा दोन अधिकारी. ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीने अलीकडच्या वर्षांत शेकडो कैदी भाडं भरून शेजारच्या लुइझियाना राज्यातल्या खासगी जेलात पाठवले. एकेका मजल्यावर नियमाइतकी माणसं उभी करणं जमत नव्हतं. खटला ह्यूस्टनला, वकील ह्यूस्टनला, आई-बाप ह्यूस्टनला, आणि आरोपी शेकडो किलोमीटर लांब.

इमारतीचाही यात हात असतो. जुन्या जेलात लांब बोळ आणि दोन्हीकडे कोठड्या. अधिकारी बोळातून जातो तेवढंच त्याला दिसतं. १९८१ साली कॅलिफोर्नियात कॉन्ट्रा कोस्टा काउंटीने मार्टिनेझ गावात वेगळंच जेल उघडलं. मधोमध मोठं दालन, भोवती कोठड्या, आणि अधिकाऱ्याचं टेबल गजांशिवाय थेट कैद्यांमध्ये. ऐकायला वेडेपणा वाटतो. पण दिवसभर माणसांत बसणाऱ्याला वातावरण कधी बिघडतंय ते आधी कळतं, आणि तोडफोड, मारामाऱ्या कमी होतात असं त्या पद्धतीचे लोक सांगतात. आमच्या काउंटीत अर्धं जेल असं आणि अर्धं जुन्या पद्धतीचं आहे. नव्या भागात शिरल्यावर आधी जाणवली ती शांतता.

पैसा कुठून येतो

शेरीफ निवडून आलेला राजा असला तरी तिजोरी त्याची नाही. टेक्सासात ती कमिशनर्स कोर्टाकडे असते. नाव कोर्ट, पण काम जिल्हा परिषदेचं: एक काउंटी जज आणि चार कमिशनर, सगळे निवडून आलेले. पैसा मुख्यतः घरपट्टीचा. जेलला जादा वीस माणसं द्यायची तर घरपट्टी वाढवायची, आणि कैद्यांसाठी घरपट्टी वाढवली असं सांगून कोण निवडून येतं? बऱ्याच काउंट्यांत जेल हाच खर्चाचा सगळ्यात मोठा आकडा असतो, तरी निवडणुकीत त्याबद्दल कुणी बोलत नाही.

मग काहीजण रिकामे पलंग भाड्याने देतात. केंद्राच्या मार्शल सेवेचे कैदी, इमिग्रेशनचे कैदी, शेजारच्या काउंटीचे कैदी. दर दिवसाला माणशी भाडं. काही काउंट्यांनी याच आशेवर गरजेपेक्षा मोठी जेलं बांधली. हे मला पटत नाही. भाडं मिळत राहावं म्हणून पलंग भरलेले ठेवावेसे वाटू लागले की कुणाला लवकर सोडावं हा प्रश्न विचारायला कुणी उरत नाही.

औषधपाण्याचा खर्च वेगळंच दुखणं. गरिबांसाठीची मेडिकेड योजना १९६५ साली आली तेव्हाच त्यात लिहिलं गेलं की तुरुंगातल्या माणसावर हा पैसा खर्च होणार नाही. माणूस दारातून आत आला की योजना थांबते आणि बिल काउंटीकडे येतं. उलट १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कैद्याच्या गंभीर दुखण्याकडे मुद्दाम दुर्लक्ष करणं घटनाविरोधी आहे. त्यामुळे बाहेर विमा नसलेल्या माणसाला पहिल्यांदा डॉक्टर भेटतो तो जेलमध्ये. मानसिक आजारी कैद्यांचे हाल याहून जास्त. खटला समजण्याच्या अवस्थेत नाही असं कोर्टाने ठरवलेला माणूस राज्याच्या मनोरुग्णालयातल्या पलंगाची वाट पाहत महिनोन्महिने जेलमध्येच बसतो. त्याला सांभाळायला नर्स नसते, तोच एकोणीस वर्षांचा पोरगा असतो.

जेवणाचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. अलाबामात एक जुना कायदा होता: कैद्यामागे दिवसाला पावणेदोन डॉलर शेरीफला मिळायचे आणि त्यातून उरतील ते त्याचे स्वतःचे. मॉर्गन काउंटीच्या शेरीफने कॉर्न डॉग, म्हणजे मक्याच्या पिठात तळलेली सॉसेजं, ट्रकच्या हिशेबाने स्वस्तात उचलली आणि कैद्यांना आठवडेच्या आठवडे तीच खायला घातली. तीन वर्षांत त्याच्या खिशात दोन लाख डॉलरच्या वर गेले. २००९ मध्ये केंद्रीय न्यायाधीशाने खुद्द शेरीफलाच एक रात्र आत टाकलं. तरी राज्याने कायदा बदलायला २०१९ उजाडलं.

आमच्या जेलमध्ये न्याहारी पहाटे चारला मिळते. ऐकून आम्ही हसलो, पण कारण आहे. सकाळी ज्यांची तारीख आहे त्यांना मोजून, झडती घेऊन, बेड्या घालून कोर्टात पोचवायचं असतं. न्याहारी उरकल्याशिवाय ती रांग सुरू होत नाही. दोन जेवणांत चौदा तासांपेक्षा जास्त अंतर नको हा नियमही असतो. ताटं भरतात ती ट्रस्टी म्हणवले जाणारे विश्वासू कैदी. बाकी भूक भागवायला कमिसरी, आपल्या जेलमधल्या कॅन्टीनसारखी: घरच्यांनी खात्यावर टाकलेल्या पैशांतून झटपट नूडल्स, कॉफी, साबण. आत नूडल्सचं पाकीट हेच चलन. फोनही पैशांचा. मिनिटाचे दर वर्षानुवर्षं इतके अवाच्या सवा होते, आणि त्यातला वाटा काउंटीलाही मिळायचा, की २०२३ च्या जानेवारीत केंद्राने हे दर आवरण्यासाठी कायदा केला. प्रत्यक्ष दर किती असावेत यावरची ओढाताण नंतरही सुरूच राहिली.

मराठी वाचकाने एक गोष्ट मात्र पाठ करून ठेवावी. भारतीय पासपोर्टवाल्याला अटक झाली तर "तुमच्या वकिलातीला कळवायचं का?" असं विचारणं हे पकडणाऱ्यांवर बंधनकारक आहे, १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं ३६वं कलम. ऑफिसर विसरला तर आपण होऊन मागावं. आणि कोण आत आहे हे शोधायला दलाल लागत नाही. बहुतेक काउंट्यांच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की फोटो, आरोप आणि जामिनाची रक्कम समोर येते. अर्थात ते शेजारच्या काकांनाही दिसतं.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा साडेनऊ झाले होते. सुटकेचं दार इमारतीच्या मागच्या बाजूला आहे. तिथे फुटपाथच्या कडेला एक माणूस बसून बुटांत नाड्या ओवत होता, बाजूला ती प्लास्टिकची पिशवी. कागदपत्रं पुरी होतील तेव्हा सोडतात, मग रात्र असो की पहाट. त्याच्याकडे फोन होता, पण चार्जिंग संपलेलं, आणि सगळे नंबर फोनमध्ये. मी माझा फोन पुढे केला. बराच वेळ आठवून त्याने एक नंबर लावला. तो त्याच्या जुन्या घरमालकाचा निघाला. आमच्यातल्या एका निवृत्त मास्तरांनी त्याला गाडीतून बस स्टँडवर सोडलं.